उघडा कोड आणि आपला भरवसा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबला. आरमोरीत, वडशात ज्यांच्याकडे आठ-दहा वर्षं जुने लॅपटॉप आहेत, त्यातल्या बहुतेकांना विंडोज ११ चालत नाही. त्याला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. मग आपले पोट्टे सांगतात, "सर, लिनक्स टाकून घ्या. कोड उघडा आहे, म्हणून धोका नाही." लिनक्स टाका, हे मलाही मान्य. मी तेच वापरतो. माझं भांडण त्या 'म्हणून'शी आहे.

कोड उघडा आहे म्हणजे तो पाहता येतो. न्यायदर्शनाच्या भाषेत, प्रत्यक्षाची सोय आहे. पण पाहिलं कोणी? तुम्ही नाही, मी तर नाहीच. कोणा जाणकाराने पाहिलं असेल यावर आपण विसंबतो, म्हणजे आपलं प्रमाण शब्द हेच. त्यात कमीपणा नाही, दवाखान्यातही आपण तेच करतो. पण मग विचारावं लागतं, हा शब्द आप्ताचाच कशावरून? वाटेत कोणी बदलला तर नाही?

२० फेब्रुवारी २०१६ ला तो बदलला गेला. लिनक्स मिंट ही नवशिक्यांची आवडती प्रणाली. तिच्या संकेतस्थळात कोणी घुसलं आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा भलत्याच सर्व्हरकडे वळवला. तिथल्या फाइलमध्ये चोरदरवाजा होता. मिंटच्या मूळ कोडला कोणी हात लावला नव्हता. दुकान तेच, पाटी तीच, माल दुसरा! फाइल तपासायचा आकडा, ज्याला चेकसम म्हणतात, तो त्याच पानावर होता. आपण तोही बदलल्याचं हल्लेखोराने नंतर एका पत्रकाराला सांगितलं. आता साक्षीदार आणि आरोपी एकाच घरात राहत असतील तर साक्षीला काय अर्थ? मीमांसक ज्ञानाचं प्रामाण्य स्वतः मानतात, नैयायिक परतः. एरवी मी वाद घालीन, पण डाउनलोडच्या बाबतीत मी पक्का नैयायिक आहे.

२०२४ चं एक्सझेड प्रकरण तर आणखी बोलकं. दोनेक वर्षं इमानाने काम करून एकाने त्या प्रकल्पात विश्वास मिळवला आणि मग चोरदरवाजा घातला. तो चालू करणारा तुकडा सार्वजनिक संग्रहात नव्हताच, वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. म्हणजे उघडं एक, हातात पडलं दुसरं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोलात गेला, म्हणून जग वाचलं. इथे माझे तरुण मित्र म्हणतील, कोड उघडा होता म्हणूनच तो खोलात जाऊ शकला. बरोबर आहे, हे श्रेय द्यायलाच हवं. पण कोणाला तरी खोलात जावं लागलं.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. तरी बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला, तेही गाव चिकाटीने मागे लागलं म्हणून. कोड वाचायचा हक्कही तसाच, कोणी बजावला तर.

आता तुमच्या लॅपटॉपचं. इकडे नेट हळू, म्हणून पेनड्राइव्ह हातोहात फिरतो. देणारा प्रामाणिकच असतो, पण त्याने कुठून घेतला? तयार पेनड्राइव्ह घेऊ नका. त्याच्याकडून आयएसओ फाइल घ्या, चेकसम स्वतः काढा, आणि तो मूळ संकेतस्थळावरच्या, सही असलेल्या यादीशी ताडून पाहा. सहीच्या किल्लीचा ठसा दुसऱ्या ठिकाणाहून मिळवा. व्हिडिओवाले गुरुजी नेमकी हीच पायरी गाळतात, वेळ जातो म्हणे! डिस्क पुसण्याआधी फोटो, सातबारा, पोरांचे दाखले दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि कुठून तरी उचललेली 'सुडो'ने सुरू होणारी ओळ टर्मिनलमध्ये चिकटवू नका, तिच्या हाती अख्ख्या घराची किल्ली जाते. प्रोग्राम हवा असेल तर आधी प्रणालीच्या स्वतःच्या भांडारात शोधा.

परवा शेजाऱ्यांसाठी हे सगळं केलं. चेकसमची ६४ अक्षरं नातीने मोठ्याने वाचली, मी पडद्यावर बोट ठेवत गेलो. मधेच माझं बोट चुकलं, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.