परीक्षक कोण? : ‘दिवास्वप्न’ झाशीतून वाचताना

गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’वर परीक्षेत बहुधा एकच प्रश्न येतो : गिजुभाईंच्या बालककेंद्री विचारांची वैशिष्ट्ये लिहा. उत्तरही ठरलेले असते. गोष्ट, खेळ, स्वच्छता, वर्गातले ग्रंथालय, शिक्षेला विरोध, निसर्गभ्रमण. मुद्दे पाठ केले की गुण मिळतात, आणि मूळ पुस्तक न उघडताही मिळतात. या पाठात आपण वैशिष्ट्यांची यादी करणार नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक छोटा प्रसंग आहे, तो जरा थांबून वाचू. माझ्या मते सगळे पुस्तक त्या प्रसंगावर उभे आहे.

गिजुभाई (१८८५–१९३९) मूळचे वकील. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ‘दिवास्वप्न’ हे त्यांचे गुजराती पुस्तक १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचे आहे. कथेच्या रूपात लिहिलेल्या या प्रयोगाचा निवेदक एक शिक्षक आहे. तो शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी मागतो. साहेबांना गंमत वाटते. ते परवानगी देतात, पण बजावतात, की वर्षाअखेर परीक्षा आहे आणि तुमचे काम निकालावरून मोजले जाईल. शिक्षक ही अट मान्य करतो. परीक्षा नको, असे तो म्हणत नाही. तो फक्त एक विनंती करतो : परीक्षक तुम्हीच व्हा.

हा प्रसंग आपण सहसा घाईने ओलांडतो, कारण पुढे लगेच गमतीचा भाग येतो. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ फसतो, मुले वर्ग डोक्यावर घेतात आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू होताच तीच मुले गप्प होऊन ऐकतात. पण त्या विनंतीचा अर्थ पाहा. ज्याने प्रयोगाला परवानगी दिली, जो अधूनमधून वर्गात येऊन काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहील, त्यानेच शेवटी मोजमाप करावे. मोजमापाला शिक्षकाची हरकत नाही. त्याला भीती आहे ती न पाहता केलेल्या मोजमापाची.

प्रमाणित परीक्षा नेमकी उलट दिशेने जाते. परीक्षकाने मुलाला पाहिलेले नसणे, त्याचे नाव-गाव माहीत नसणे हीच तिथे विश्वासार्हतेची खूण मानली जाते. म्हणून आसन क्रमांक, म्हणून बारकोड, म्हणून यंत्राने तपासायची ओएमआर उत्तरपत्रिका.

आता झाशीकडे येऊ. मराठी वाचकाच्या मनात झाशी म्हणजे १८५७ आणि राणी लक्ष्मीबाई. आपला संबंध इथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या बुंदेलखंड विद्यापीठाशी आहे. उत्तर प्रदेशची राज्यस्तरीय बी.एड. संयुक्त प्रवेश परीक्षा घेण्याचे काम २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षे याच विद्यापीठाकडे होते. दोन पेपर, प्रत्येकी तीन तास, एकूण ४०० गुण. सामान्य ज्ञान, भाषा, तर्कक्षमता आणि ज्याचा त्याचा विषय. सगळे प्रश्न बहुपर्यायी. राज्यभरातले उमेदवार गोल रंगवतात आणि त्यातून उद्याचे शिक्षक निवडले जातात. रडणाऱ्या मुलापाशी हा उमेदवार कसा बसतो, वर्ग हाताबाहेर गेला की छडी शोधतो की गोष्ट, हे त्या सहा तासांत कुणीच पाहत नाही. ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक या परीक्षेला बसला असता तर? वाचनवेडा माणूस, कदाचित पहिल्या हजारात आला असता. कदाचित तर्कक्षमतेच्या भागात अडकला असता. दोन्ही शक्यतांचा त्याच्या वर्गाशी काही संबंध नाही.

इथवर आले की यंत्राला नावे ठेवणे सोपे वाटते. पण विद्यार्थी म्हणून तुम्ही इथेच सावध झाले पाहिजे. परीक्षकाला मुलाची ओळख असणे नेहमीच दयेच्या बाजूने जाते का? आपल्याकडे गुरुजींना मुलाचे आडनाव माहीत असणे, त्याचा वाडा माहीत असणे याचा अर्थ शतकानुशतके काय होता, ते महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. वर्गाबाहेर बसवल्या गेलेल्या मुलासाठी अनोळखी परीक्षक हाच पहिला न्यायी माणूस होता. बारकोडला जात दिसत नाही. मुलाखतीला आणि ‘अंतर्गत गुणां’ना ती दिसू शकते. बुंदेलखंडातल्या खेड्यातली, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुलगी गोल रंगवून वरचा क्रमांक मिळवते, तेव्हा तो क्रमांक कुणाच्या मेहेरबानीचा नसतो. ‘दिवास्वप्न’ला हा प्रश्न पडत नाही. त्यातले साहेब सुदैवाने सज्जन निघतात आणि शेवटच्या संमेलनात प्रयोगाच्या बाजूने उभे राहतात. साहेब आकसखोर असते तर ‘परीक्षक तुम्हीच व्हा’ ही विनंती त्या शिक्षकाला आणि मुलांनाही महागात पडली असती. पुस्तकाचा हा कच्चा दुवा आहे, आणि गिजुभाईंबद्दलच्या आदरापोटी तो झाकू नये.

दुसरा कच्चा दुवा असा, की हा शिक्षक मोकळा आहे. वर्ग त्याने मागून घेतला आहे आणि त्याच्या पोटापाण्याची चिंता पुस्तकात फारशी डोकावत नाही. त्याच्या शेजारच्या वर्गांतले शिक्षक त्याला हसतात. आपण त्यांना खलनायक करून टाकतो, पण त्यांची बाजूही ऐकून पाहा. वरून आलेला अभ्यासक्रम, वरूनच येणारी तपासणी आणि साहेबांची खास परवानगी नाही. आजच्या शिक्षकाचे जगणे त्या शेजाऱ्यांच्या जवळचे आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. उद्दिष्टात वाईट काही नाही. मूल वाचू शकत नसेल तर तीही क्रूरताच. पण घड्याळ लावून मोजणे सोपे आणि अर्थ समजला का ते पाहणे अवघड, त्यामुळे वाक्याचा पहिला अर्धा भाग शाळेत पोचतो आणि दुसरा वाटेत सांडतो. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी थांबायचे की पुढच्या मुलाकडे वळायचे, हा निर्णय घेताना शिक्षिकेला ताटकळलेला तक्ता दिसत असतो. तिच्या अंगी करुणा नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिला वेळ दिलेला नाही.

याच संदर्भात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आठवतात. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून त्या महाराष्ट्रात परतल्या, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. हे काम मोठे आहेच. पण त्यातला बराचसा भाग बालवाडीच्या वयाचा, म्हणजे परीक्षेचा हात जिथे अजून पोचलेला नाही अशा जागेतला होता, हे लक्षात घ्या. ‘दिवास्वप्न’चे धाडस वेगळे आहे : ते चौथीत शिरते, जिथे परीक्षा दारात उभी असते. आपल्या आवडत्या बालशिक्षणाच्या कहाण्यांपैकी किती परीक्षेच्या अलीकडे थांबतात, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे.

मग त्या विनंतीचे आज काय करायचे? प्रवेशाला यंत्र राहू दे. तिथे अनोळखीपणा हवाच. पण प्रवेशानंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार त्यात किमान २० आठवड्यांचा शालेय अनुभव आहे. उमेदवार मुलांसोबत असताना कुणीतरी मागच्या बाकावर बसून पाहू शकेल, अशी ही जागा आहे. एकाच्या मर्जीचा धोका टाळायचा तर दोघांनी, वेगवेगळ्या दिवशी पाहावे. मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात, ते झाशीतले नव्हे, या आठवड्यांनंतर पाठ टाचणांच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर येई. समासाची रेघ लाल शाईने आखली आहे का, उद्दिष्टे ठरलेल्या शब्दांत लिहिली आहेत का, ते तपासले जाई आणि वहीवर सही होई. त्या वह्यांतले पाठ प्रत्यक्ष वर्गात घेताना तपासनिसांनी पाहिलेच नव्हते.