यादीबाहेरची वाडी

संगणकाच्या वापरामागील नीती पारखावयाची, तर खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. इर्शाळगडाच्या उतारावरील ही ठाकर वस्ती १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत तिचे नाव नव्हते. अशा धोक्यांचे पूर्वानुमान संगणकाकडून करवून घेण्याकडे आता कल आहे. परंतु संगणक पूर्वीच्या नोंदींवरूनच शिकतो. नोंदीतील उणीव त्याच्या उत्तरात निश्चितीचे रूप धारण करते. यादीतील चूक निदान वाचता येते. गणिताच्या पोटातील चूक दिसतही नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांना आपली नोंद तपासण्याचा अधिकार मिळेपर्यंत हे शास्त्र अपुरेच म्हणावे लागेल.