सीडी म्हणजे लोलक नव्हे

सीडीवरचे रंग दाखवून 'सीडी लोलकासारखी प्रकाश फोडते' असे वर्गात सर्रास सांगितले जाते. ही उपमा सोपी असली, तरी ती टाकून द्यावी, असे आमचे मत आहे.

लोलकात रंग वेगळे होतात, कारण काचेत प्रत्येक रंगाचा वेग निराळा असतो. सीडीत महत्त्व आहे ते रेषांमधील अंतराला. तिच्यावरील सर्पिल मागाचे शेजारचे वेढे एकमेकांपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात. प्रत्येक वेढ्यावरून प्रकाश पसरतो. ज्या दिशेला शेजारच्या लाटांच्या वाटांत बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडतो, तेथे शिखरावर शिखर येऊन तो रंग उजळतो. अन्यत्र लाटा एकमेकींना खोडून टाकतात. तांबड्याची तरंगलांबी मोठी, म्हणून तो जास्त वळतो. प्रकाश लंबरूप पडल्यास निळा (४५० नॅनोमीटर) सुमारे १६ अंशांवर, तर तांबडा (६५० नॅनोमीटर) २४ अंशांवर दिसतो. लोलकात क्रम नेमका उलटा असतो.

हा क्रम एखाद्या विद्यार्थिनीने नीट पाहून सांगितला, तर उपमेवर विसंबलेले शिक्षक तिलाच चूक ठरवतील. आमचा आक्षेप मुख्यतः याला आहे.

खात्रीसाठी सीडीशेजारी डीव्हीडी ठेवावी. दोन्हींचे प्लॅस्टिक एकच, पॉलीकार्बोनेट. पण डीव्हीडीच्या वेढ्यांतील अंतर केवळ ०.७४ मायक्रोमीटर. तिच्यावर निळा ३७, तर तांबडा ६१ अंशांवर जातो. रंग प्लॅस्टिकमुळे फुटत असते, तर एवढा फरक पडला असता का? हा प्रश्न वर्गालाच विचारावा.