पूर्ववारा आणि पडलेली भिंत

मानुएल लोपिश यांची १९६० साली प्रसिद्ध झालेली एक पोर्तुगीज कादंबरी आहे. तिच्या नावाचा अर्थ 'पूर्ववाऱ्याने फटकारलेले' असा होतो. 'फटकारलेले' यासाठी लेखकाने योजलेला शब्द ख्रिस्ती वाचकाला खांबाशी बांधलेल्या, चाबकाचे फटके सोसणाऱ्या प्रभूची आठवण करून देतो. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्यांना हे विशेषण लावून लोपिश यांनी त्यांच्या हालांना एक पावित्र्य बहाल केले आहे. त्या पावित्र्याविषयीच आम्हाला थोडे लिहावयाचे आहे. कारण वाऱ्याने मारले असे एकदा म्हटले, की कोणी मारले हा प्रश्न मागे पडतो.

कादंबरी केप व्हर्दे या देशातील आहे. सेनेगलच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागरात विखुरलेली ही दहा बेटे. १४६० च्या सुमारास पोर्तुगीज तेथे पोचले तेव्हा ती निर्मनुष्य होती. वस्ती झाली ती पोर्तुगीजांची आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची. १५३३ मध्ये तेथे धर्मप्रांत स्थापन झाला. वसईवर १७३९ पर्यंत आणि गोव्यावर १९६१ पर्यंत ज्या सत्तेचा अंमल होता, तिचाच तेथे १९७५ पर्यंत राहिला. (तेथील नामवंत कथालेखिका ओर्लांदा अमारिलिश यांनी अध्यापनाचे शिक्षण पणजीत पूर्ण केले, हे वाचून आमच्या गोवेकर वाचकांना बरे वाटेल.)

कथानायक जुझे द क्रूश हा सांतो अंतांव बेटावरील शेतकरी. क्रूस त्याच्या नावातच आहे. पावसाची वाट पाहणे हेच त्याचे जीवन. सहाराकडून येणारा कोरडा पूर्ववारा सुटतो आणि हिरवे ते करपते. शेजारी घरे सोडून निघतात, हा मात्र जमीन सोडावयास तयार होत नाही. त्याचा थोरला मुलगा लेआंद्रू, डोंगरात बकऱ्या राखणारा, भुकेपोटी वाटमारीकडे वळतो. आभाळाकडे लागलेले बापाचे डोळे आणि मुलाची डोंगरातील भटकंती या दोहोंत लोपिश यांची लेखणी विलक्षण सामर्थ्याने चालते. बापाचा हट्ट हा भाबडेपणा नसून आब आहे, हे ते कोठेही व्याख्यान न देता पटवितात.

लोपिश हे १९३६ साली मिंडेलू येथे निघालेल्या 'क्लारिदादे' या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक. पुढील पिढीच्या ओनेसिमो सिल्व्हेरा यांनी १९६३ मध्ये या सगळ्या लेखकांवर पलायनवादाचा ठपका ठेवला. आमच्या मते तो निम्मा खरा आहे. सालाझारच्या सेन्सॉरशाहीखाली लिहिणाऱ्याने सरकारचे नाव घेतले नाही म्हणून त्यास दोष देणे सोपे. परंतु वारा एवढा मोठा झाला की त्याच्या आड शासन दिसेनासे झाले, हेही नाकारता येत नाही. १९४१ ते १९४३ आणि पुन्हा १९४७-४८ मध्ये या बेटांवर हजारो माणसे अन्नावाचून मेली. जगलेल्यांपैकी कित्येकांना साओ तोमेच्या कोकोच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून जावे लागले. आणि २० फेब्रुवारी १९४९ रोजी प्राया येथे, सरकारी मदतकेंद्रात शिजलेल्या अन्नासाठी ताटकळणाऱ्या गर्दीवर तेथील भिंत कोसळून दोनशेहून अधिक माणसे मेली. ती वाऱ्याने मेली नाहीत.

१९६८ मध्ये पाऊस पुन्हा रुसला तो दीर्घकाळासाठी. तेव्हा मात्र पोर्तुगीज सरकारनेही दुष्काळी कामे काढली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ५ जुलै १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला तो कोरड्या विहिरी घेऊनच. चांगल्या वर्षीही स्वतःच्या गरजेचा लहानसा भागच पिकविणाऱ्या या देशाला बाहेरच्या धान्यावाचून गत्यंतर नव्हते. राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदेश पेरेरा आणि पंतप्रधान पेद्रू पिरेश यांच्या सरकारने अमेरिका, पश्चिम युरोप, समाजवादी राष्ट्रे अशा सर्वांपुढे हात पसरला. पण एक अट घातली. आलेले धान्य फुकट वाटावयाचे नाही. ते ठरावीक दराने बाजारात विकावयाचे, त्या पैशाचा विकासनिधी करावयाचा आणि त्यातून गावोगाव मजुरी द्यावयाची. दगडी बांध, उतारावरील पायऱ्या, रस्ते, झाडे लावणे अशी ही कामे. (लावलेल्या झाडांत आपल्याकडची कुप्रसिद्ध वेडी बाभूळही होती!) मका तोच, परदेशी गोणीतला, परंतु घेणारा तो आपल्या कमाईने विकत घेत होता. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडून मिलोची भाकरी खाल्ली, त्यांना रांगेतला कटोरा आणि आठवड्याची मजुरी यांतील अंतर आम्ही समजावून देण्याची गरज नाही.

या व्यवस्थेचे स्तोत्र गाण्याचा आमचा हेतू नाही. मजुरी तुटपुंजी होती, दगड वाहणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, आणि १९९१ पर्यंत देशात एकच पक्ष राज्य करीत होता. परदेशी गेलेल्या मुलांनी धाडलेल्या पैशांवाचून अनेक चुली पेटल्या नसत्या. तरीही पूर्ववारा तोच असताना चाळीसच्या दशकातील मृत्यूचे थैमान पुन्हा झाले नाही, आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीतून केप व्हर्देचे नाव निघाले. लोपिश यांच्या शीर्षकावरील याहून कठोर टीका कोणा समीक्षकाला लिहिता आली नसती.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये वागादूगू येथून साहेलच्या तहानलेल्या जनतेसाठी जगाला हाक दिली आणि १९८४ मध्ये त्यांच्या नावाचा निधी उभा राहिला; केप व्हर्दे त्यातील एक देश. प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामांतून दानपेट्या फिरतात, त्या अशाच हाकांना दिलेले उत्तर असतात. पेटीत किती जमले हे वेदीवरून वाचून दाखविले जाते. घेणाऱ्याने ते कसे घेतले, त्याच्या काही अटी होत्या काय, हे विचारल्याचे आम्हाला स्मरत नाही. जुझे द क्रूशसारखा मनुष्य आमच्या दारी आला असता, तर त्याच्या हट्टाला आम्ही आब म्हटले असते की माज?

कोणा गोवेकर मित्राने ही कादंबरी थेट पोर्तुगीजमधून मराठीत आणावी. शीर्षक मुळातलेच ठेवावे, वारा काढून टाकू नये. प्रस्तावनेत मात्र प्राया येथील भिंतीची हकीकत तारखेसह अवश्य द्यावी.