'धन्य' कोण? गिरिप्रवचन आणि पंडिता रमाबाई

'धन्य' या शब्दाच्या मुळाशी 'धन' आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनाच्या मराठी अनुवादांत मात्र तोच शब्द दीन, शोकाकुल आणि सौम्य माणसांना लावला जातो. लौकिक समजुतीची उलथापालथ येथे शब्दातच घडते. मत्तय 'आत्म्याने दीन' म्हणतो. लूक थेट दरिद्र्यांना धन्य ठरवून श्रीमंतांना इशारा देतो. केवळ मत्तयचा पाठ घेतल्यास ही शिकवण कोरडे सांत्वन ठरू शकते.

१८८२ मध्ये वैधव्य आलेल्या पंडिता रमाबाईंनी हा धोका कृतीने टाळला. समाजाने 'सौभाग्य' नाकारलेल्या स्त्रियांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निवाऱ्यासोबत शिक्षण आणि छापखान्याचे काम मिळाले. रमाबाईंचा बायबलचा मराठी अनुवाद याच छापखान्यात या स्त्रियांनी छापला. धन्यतेला तेथे स्वावलंबनाचा अर्थ आला.