कर्ज, कायदा आणि तह : ब्रिटिश पार्लमेंटचे अठराव्या शतकातील वित्तविषयक कायदे आणि मराठी मुलूख – एक चिकित्सा

प्रस्तावना

अठराव्या शतकातील ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यांचा अभ्यास महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रामुख्याने भारताच्या घटनात्मक विकासाची पूर्वपीठिका म्हणून केला जातो. १७७३ चा नियामक कायदा, १७८४ चा पिटचा कायदा आणि १७९३ चा सनदी कायदा यांची कलमे क्रमाने सांगितली जातात. गव्हर्नर जनरलचे पद, कलकत्त्याचे सर्वोच्च न्यायालय, बोर्ड ऑफ कंट्रोल एवढ्यावर विवेचन थांबते. त्याच काळातील इंग्रज-मराठे युद्धाचा इतिहास दुसऱ्या अभ्यासपत्रिकेत येतो. तेथे राघोबादादांची महत्त्वाकांक्षा, नाना फडणविसांची मुत्सद्देगिरी, महादजी शिंद्यांचे डावपेच आणि मुंबई-कलकत्ता यांच्यातील बेबनाव यांना प्राधान्य मिळते.

या दोन कथनांना जोडणारा दुवा सार्वजनिक वित्ताचा आहे आणि नेमका तोच बहुधा निसटतो. १७७३ चा कायदा हा आधी एका कर्जबाजारी कंपनीला सावरण्याचा उपाय होता. राज्यकारभाराची घडी हा त्याचा दुसरा हेतू होता. ही बाब ध्यानात घेतल्यास सुरत, पुरंदर आणि वडगाव येथील करारांचा अर्थ बदलतो. प्रस्तुत लेखात या कायद्यांची चिकित्सा मराठी मुलखातील त्यांच्या परिणामांच्या आधारे केली आहे.

कायद्यामागील कर्ज

१७६५ साली बंगालची दिवाणी मिळाल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या अपेक्षा वाढल्या. १७६७ मध्ये पार्लमेंटने कंपनीकडून सरकारी तिजोरीत दरवर्षी ४ लाख पौंड भरण्याचे ठरवून घेतले. म्हणजे बंगालच्या महसुलात ब्रिटिश राज्याचा वाटा त्याच वेळी निश्चित झाला. पुढे १७६९-७० च्या भीषण दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला. तरीही लाभांशाचा दर १२.५ टक्क्यांपर्यंत चढला. १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्यांवर आलेल्या संकटात कंपनीची पत कोसळली आणि सरकारकडे कर्ज मागण्यावाचून तिला गत्यंतर उरले नाही.

पार्लमेंटने १७७३ साली जे केले ते तीन भागांत पाहावे लागते. पहिला भाग कर्जाचा होता : कंपनीला १४ लाख पौंड देण्यात आले, वार्षिक ४ लाखांची वसुली स्थगित झाली आणि कर्ज फिटेपर्यंत लाभांशावर ६ टक्क्यांची मर्यादा आली. दुसरा भाग चहाचा. कंपनीच्या गोदामांत साचलेला चहा अमेरिकेतील वसाहतींत स्वस्तात विकता यावा, यासाठी वेगळा कायदा झाला. तिसरा भाग नियामक कायद्याचा. चहाच्या कायद्याचा परिणाम १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात दिसला. नियामक कायद्याचा परिणाम दोन वर्षांच्या आत सुरत आणि पुणे येथे दिसला. एकाच ताळेबंदातील तूट भरून काढण्याचे हे प्रयत्न होते. परंतु अमेरिकेचा इतिहास आणि मराठ्यांचा इतिहास वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्यामुळे हा संबंध सहसा नजरेस येत नाही.

नियामक कायद्याच्या अंतर्गत रचनेतही वित्ताचे प्राधान्य स्पष्ट आहे. भारतातून येणाऱ्या महसूलविषयक पत्रव्यवहाराच्या प्रती कंपनीच्या संचालकांनी ब्रिटिश अर्थखात्याला सादर कराव्यात, असे बंधन त्यात घालण्यात आले. गव्हर्नर जनरलला वार्षिक २५ हजार पौंड आणि कौन्सिलच्या सभासदांना प्रत्येकी १० हजार पौंड वेतन ठरले. ते भारतातील महसुलातून द्यावयाचे होते. हिशेब लंडनला आणि खर्च बंगालच्या रयतेला, अशी ही विभागणी होती.

युद्धबंदीचे कलम आणि पुरंदरचा तह

मराठी मुलखाच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम युद्ध आणि तह यांसंबंधीचे होते. गव्हर्नर जनरल व कौन्सिल यांच्या पूर्वसंमतीखेरीज मुंबई व मद्रास इलाख्यांनी एतद्देशीय सत्तांशी युद्ध पुकारू नये किंवा तह करू नये, असा त्याचा आशय होता. मात्र निकडीचा प्रसंग असेल किंवा कंपनीच्या संचालकांचे खास आदेश असतील, तर ही अट लागू नव्हती. हे दोन अपवाद मूळ नियमाइतकेच मोठे होते. लंडनला पत्र जाऊन उत्तर येण्यास वर्ष लोटत असे. अशा वेळी निकड कोणती हे मुंबईनेच ठरवावयाचे होते.

मुंबई इलाख्याची निकड आर्थिक होती. त्याचा खर्च उत्पन्नात भागत नसे आणि तूट बंगालच्या पैशाने भरून काढावी लागे. साष्टी आणि वसई हाती आल्यास मुंबईला स्वतःचे उत्पन्न मिळेल, ही तेथील कौन्सिलची जुनी आकांक्षा होती. डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेण्यात आला. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतेचा तह झाला. साष्टी व वसई द्यावी, २,५०० फौजेच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत आणि तारण म्हणून ६ लाखांचे जवाहीर ठेवावे, ही त्यातील मुख्य कलमे. राजकीय करारापेक्षा सावकारी दस्तऐवजाची कळा या तहाला अधिक आहे.

कलकत्त्याच्या कौन्सिलने हे युद्ध अनधिकृत ठरवले आणि कर्नल अप्टन यांना पुण्यास पाठवले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. रघुनाथरावांचा पक्ष सोडण्याचे इंग्रजांनी मान्य केले. गोदाकाठच्या कोपरगावी राहून दरमहा २५ हजार रुपये घ्यावेत, असे त्यांच्यासाठी ठरले. परंतु साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि युद्धखर्चाचे १२ लाख रुपये पुणे दरबारने द्यावयाचे ठरले. येथे कायद्याची खरी कसोटी लागते. जे युद्ध कायद्याच्या विरुद्ध म्हणून थांबवले, त्याच युद्धाचा खर्च प्रतिपक्षाकडून मागितला गेला आणि त्यातून मिळालेला प्रदेशही परत केला नाही. कायद्याने कनिष्ठ अधिकाऱ्याला शिस्त लावली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला काहीही मिळवून दिले नाही.

त्यातही संचालकांनी लंडनहून सुरतेच्या तहाला अनुकूल कौल पाठवला. तो पुरंदरचा तह झाल्यानंतर मुंबईस पोहोचला. पार्लमेंटचा कायदा एकीकडे आणि संचालकांची मर्जी दुसरीकडे, असा पेच उभा राहिला आणि अपवादाच्या कलमाने मर्जीला वाट करून दिली. कलकत्ता आणि मुंबई यांच्यातील या विसंगतीचे श्रेय केवळ हेस्टिंग्ज व फ्रान्सिस यांच्या वैमनस्याला देणे म्हणूनच अपुरे ठरते. विसंगती कायद्याच्या मसुद्यातच होती.

पुरंदरच्या तहानंतर आठ दिवसांनी, ९ मार्च १७७६ रोजी, अ‍ॅडम स्मिथ यांचा राष्ट्रांच्या संपत्तीविषयीचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. व्यापारी कंपनीने राज्य करावे या कल्पनेवर त्यात कठोर टीका आहे. व्यापाऱ्याचे हित आणि राज्यकर्त्याचे हित परस्परविरोधी असते, हा त्या टीकेचा गाभा. पुरंदरचा तह हे त्याचे ताजे उदाहरण होते.

युद्धाचा खर्च कोणी दिला

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रज फौजेला नामुष्कीचा करार करावा लागला. १७७३ नंतर मिळवलेला मुलूख परत करण्याचे त्यात कबूल केले होते. करार करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, या कारणाने वॉरन हेस्टिंग्ज यांनी तो झिडकारला. म्हणजे अधिकाराचा अभाव पुरंदरच्या वेळी युद्ध थांबवण्यासाठी आणि वडगावच्या वेळी युद्ध चालू ठेवण्यासाठी उपयोगी पडला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध संपले. रघुनाथराव अखेरीस कोपरगावी आले आणि १७८३ च्या डिसेंबरमध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

मराठे, हैदर आणि फ्रेंच यांच्याशी एकाच वेळी चाललेल्या युद्धांनी कंपनीची तिजोरी रिकामी केली. बनारसचा राजा चेतसिंह यांच्याकडे १७७८ पासून दरसाल ५ लाखांची जादा मागणी झाली. पुढे अवधच्या बेगमांच्या संपत्तीवर हात पडला. १७८८ ते १७९५ या काळात हेस्टिंग्ज यांच्यावर पार्लमेंटमध्ये जो महाभियोग चालला, त्याच्या केंद्रस्थानी हीच प्रकरणे होती. सह्याद्रीच्या पायथ्याशी लढलेल्या युद्धाचे देणे गंगेच्या काठी वसूल झाले. महाभियोगाची चर्चा एडमंड बर्क यांच्या वक्तृत्वापुरती मर्यादित ठेवली, तर हा जमाखर्च दृष्टीआड होतो.

१७८४ आणि १७९३ : तत्त्व व व्यवहार

अमेरिकेच्या युद्धामुळे ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट झाले होते. त्याचा परिणाम म्हणून स्वदेशात वित्तसुधारणा सुरू झाली. १७८० मध्ये सार्वजनिक हिशेबांच्या तपासणीसाठी आयुक्त नेमले गेले, १७८६ मध्ये कर्जफेडीचा निधी उभारला गेला आणि १७८७ मध्ये विविध जमांचा एकत्रित निधी करण्यात आला. करदात्याचा पैसा कोठे जातो हे त्याच्या प्रतिनिधींना कळले पाहिजे, हे तत्त्व यातून दृढ झाले.

भारतासाठीच्या कायद्यांत या तत्त्वाचा केवळ अर्धा भाग उतरला. १७८४ च्या कायद्याने मुलूखगिरी व राज्यविस्तार हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला विसंगत असल्याचे जाहीर केले. १७९३ च्या कायद्यात या घोषणेचा पुनरुच्चार झाला. पण त्याच १७९३ च्या कायद्याने लाभांश १० टक्क्यांपर्यंत वाढवण्यास मुभा दिली, सरकारी तिजोरीसाठी वार्षिक ५ लाख पौंडांची अपेक्षा ठेवली आणि बोर्ड ऑफ कंट्रोलचे वेतन भारताच्या महसुलावर टाकले. विस्तार नको, परंतु विस्तारावाचून न भागणारे उत्पन्न हवे, अशी ही रचना होती. नियंत्रकाचा पगारही नियंत्रिताच्या रयतेने द्यावयाचा होता.

चांदवडचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. विस्तारास निषिद्ध ठरवणाऱ्या कायद्याला वीस वर्षे झाली त्या १८०४ साली कर्नल वॉलेस यांच्या फौजेने होळकरांचे चांदवड घेतले. ते परत मिळाले खरे, पण जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलखासह ते कायमचे गेले. पार्लमेंटची घोषणा तोवर रद्द झालेली नव्हती.

होळकरांची खासगी आणि दौलत

ब्रिटिश कायद्यांची चिकित्सा करताना एतद्देशीय व्यवस्थेचे उदात्तीकरण होणार नाही, याची दक्षता घेणे आवश्यक आहे. होळकरांच्या राज्यात खासगी आणि दौलत असे उत्पन्नाचे दोन स्वतंत्र विभाग होते. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर झाली. पुढे अहिल्याबाईंनी आपल्या दानधर्माचा व बांधकामांचा मोठा खर्च खासगीतून केला. ब्रिटनमध्ये १७६० साली तिसऱ्या जॉर्जने वंशपरंपरागत उत्पन्न सोडून पार्लमेंटकडून वार्षिक ८ लाख पौंडांची नेमणूक स्वीकारली. राजाचे घर आणि राज्याची तिजोरी यांतील भेद दोन्हीकडे ओळखला गेला होता.

फरक आधाराचा होता. ब्रिटनमध्ये हा भेद पार्लमेंटच्या कायद्यावर उभा होता; होळकरांकडे तो रिवाजावर आणि अहिल्याबाईंच्या सचोटीवर. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर काही वर्षांतच वारसाहक्काच्या संघर्षात राज्याची घडी विस्कटली. चांदवडचा रंगमहाल आणि एके काळी दूरवर चालणारा चांदवडी रुपया ही त्या संपन्नतेची साक्ष आहे. तिला टिकवणारी संस्था मात्र निर्माण झाली नाही.

आंबेडकरांचा प्रबंध आणि पुढील दिशा

या विषयाची वित्तीय बाजू प्रथम शास्त्रीय शिस्तीने मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन व वित्त हा त्यांचा कोलंबिया विद्यापीठातील एम. ए. चा प्रबंध १९१५ सालचा आहे. कंपनीचे उत्पन्न, खर्च आणि कर्ज यांचा हिशेब मांडून, १८५८ नंतर हा भार भारताच्या महसुलावर कसा आला, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यापूर्वी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना भारतीय खर्चावर भारतीयांचे नियंत्रण नसल्याचा मुद्दा आग्रहाने मांडला होता. भारतमंत्र्याचे वेतन भारताच्या तिजोरीतून देण्याची प्रथा १९१९ च्या कायद्याने बंद झाली. तिचे मूळ १७९३ च्या कलमात आहे.

आंबेडकरांच्या प्रबंधाचा मुख्य भर अठराव्या शतकाच्या अखेरपासून १८५८ पर्यंतच्या काळावर आहे. १७७३ ते १७९३ ही आधीची वीस वर्षे, म्हणजे नेमका इंग्रज-मराठे संघर्षाचा निर्णायक काळ, त्याच पद्धतीने तपासण्यास वाव आहे. तहांची कलमे राजकीय इतिहासकारांनी वाचली आहेत. तीच कलमे वित्ताचे दस्तऐवज म्हणून वाचली गेली पाहिजेत.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, १७७३ चा नियामक कायदा हा कर्जपुरवठ्याशी जोडलेला कायदा होता. त्यातील युद्धबंदीचे कलम सावकाराने ऋणकोच्या खर्चावर घातलेल्या मर्यादेच्या स्वरूपाचे होते. दुसरा, या मर्यादेने पुणे दरबारला कोणताही हक्क मिळाला नाही; म्हणून पुरंदर येथे कायदा पाळला गेला तरी साष्टी परत आली नाही. तिसरा, पैसा देणारा आणि हिशेब मागणारा एकच असावा, हे तत्त्व ब्रिटनने स्वदेशात स्वीकारले आणि भारतात नाकारले.

इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या तीन विभागांत हा विषय आज तुकड्यांनी शिकवला जातो. पुरंदरचा तह एका वर्गात, नियामक कायदा दुसऱ्या वर्गात आणि आंबेडकरांचा प्रबंध तिसऱ्या वर्गात. हे तिन्ही एकत्र वाचले, तर विद्यार्थ्याला कायद्याचे कलम पाठ करण्यापलीकडचा प्रश्न विचारता येईल : या कलमाचा खर्च कोणाच्या खात्यावर लिहिला गेला आणि त्याला ते खाते पाहण्याचा अधिकार होता काय? हा प्रश्न अठराव्या शतकापुरता मर्यादित नाही, हेच या अभ्यासाचे प्रयोजन होय.