पौल मंदिरात कशाला गेला?

मंडळी, आज ‘प्रेषितांची कृत्ये’मधला एकच प्रसंग घेऊ. अध्याय एकविसावा. पौल यरुशलेमेत आलाय. याकोब आणि वडीलजन त्याला म्हणतात, तू यहुद्यांना मोशेचं नियमशास्त्र सोडायला शिकवतोस अशी बोलवा आहे. तेव्हा नवस केलेल्या या चौघांबरोबर मंदिरात जा, त्यांचा खर्च तू कर. पौल जातो.

खर्च कसला? आपण ते वाक्य वाचून पुढे सरकतो. केस काढायचे आहेत, म्हणजे नवस नाजीराचा दिसतो. त्याची यादी ‘गणना’च्या सहाव्या अध्यायात आहे: माणशी वर्षाचं एक कोकरू, वर्षाची एक मेंढी, एक एडका. चौघांची झाली बारा जनावरं. आणि त्यातली मेंढी कशासाठी, तर पापार्पणासाठी! येशूच्या मरणाला तोवर वीसहून अधिक वर्षं झालेली.

ट्युबिंगनच्या बाऊरला एकोणिसाव्या शतकात हे पटलं नाही. गलतीकरांना तसं पत्र लिहिणारा पौल असं करणार नाही. पेत्राचा पक्ष आणि पौलाचा पक्ष यांची दिलजमाई दाखवायला ‘कृत्ये’च्या लेखकाने चित्र रंगवलं, असा त्याचा एकूण रोख. दिलजमाईची हौस या लेखकाला आहे, ते मलाही दिसतं. पण ‘करणार नाही’ हे आलं कुठून? कर्मकांड खालचं, अंतःकरणाचा धर्म वरचा, हे गृहीतक त्यामागे आहे. ते पौलाचं नाही, हेगेल मुरलेल्या जर्मन प्रॉटेस्टंटाचं आहे. (हेगेल मीही शिकवलाय, त्यामुळे हा मोह ओळखीचा.)

गलतीकरांच्या पत्रातलं भांडण यहुदीतरांवर सुंता लादण्याचं आहे. यहुद्याने मंदिरात जाऊ नये, असं पौल तिथे कुठे म्हणतो? उलट रोमकरांच्या पत्रात, नवव्या अध्यायात, इस्राएलला मिळालेल्या देणग्या तो मोजतो, आणि त्यात ‘लात्रेया’ आहे. उपासना. हा ग्रीक शब्द मंदिरातल्या सेवेलाही वापरत. पौल तो अभिमानाने लिहितो. पेत्र आणि योहानही मंदिरात जातात ते तिसऱ्या प्रहरी, संध्याकाळच्या बळीच्या वेळेला.

आता पुढचं. ती जनावरं शेवटी अर्पण झाली का, हे ‘कृत्ये’त येत नाही. सात दिवस पुरे होत आले असतानाच जमाव पौलाला धरतो. आरोप काय, तर हा नियमशास्त्राविरुद्ध शिकवतो, आणि ग्रीकांना आत आणून याने जागा विटाळली. पौल स्वतः आत काय करतोय, हे त्या चिडलेल्या जमावातही कोणी विचारत नाही.